जिरेनियम शेतातलं आणि जिरेनियम काढ्यातलं

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं आणि चहाच्या कपांचे आवाज तेवढे काढलेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

मागच्या भागात आपण तरवडाबद्दल बोललो. त्यावर इंदापूर तालुक्यातल्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्याकडे एकरभर जिरेनियम आहे. रोपं घेताना एक पत्रक मिळालं होतं, त्यात म्हटलेलं की ही वनस्पती चीन, जपान, हिमालय अशा सगळीकडे जुलाब, आव, सांधेदुखी आणि जखमांवर पिढ्यान् पिढ्या वापरतात. आता घरात लहान मूल आहे, पावसाळ्याचे दिवस आहेत. आजी म्हणतायत, शेतात एवढा औषधी पाला उभा आहे, तर पोराला त्याचाच काढा देऊ. ताई विचारतात, देऊ का?

उत्तर आधी सांगते. देऊ नका. आणि आता कारण सांगते, कारण पत्रकातली माहिती खोटी नाही. ती खरीच आहे, फक्त दुसऱ्या झाडाची आहे.

बारामती, इंदापूर, दौंड, पलीकडे फलटण, माळशिरस या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जे जिरेनियम लावलं जातंय त्याचं शास्त्रीय नाव पेलार्गोनियम ग्रेव्हिओलेन्स. मूळ दक्षिण आफ्रिकेचं. पाला चुरगाळला की गुलाबासारखा वास येतो. तो कापायचा, वाफेवर ऊर्ध्वपातन करायचं आणि तेल काढायचं. टनभर ओल्या पाल्यातून साधारण लिटरभर तेल निघतं, म्हणजे हातात येतं ते फार थोडं. हे तेल जातं अत्तरात, साबणात, अगरबत्तीत. आपल्याकडची हलकी, निचऱ्याची जमीन त्याला मानवते, पाणी साचलं की मूळ कुजतं. पीक म्हणून ते चांगलं की वाईट, हमीभावाने खरेदीचे करार कितपत पाळले जातात, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर शेतकऱ्यांनीच बोलावं.

मग चीन-जपानातलं जिरेनियम कोणतं? ते खरोखरचं जिरेनियम. या दोघांचा घोटाळा अडीचशे वर्षांपेक्षा जुना आहे. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ही सगळी झाडं ‘जिरेनियम’ या एकाच प्रजातीत घातली. पुढे १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच अभ्यासकाने आफ्रिकेतली सुगंधी, जाड पानांची मंडळी वेगळी काढून त्यांना ‘पेलार्गोनियम’ नाव दिलं. शास्त्रज्ञांनी ते मान्य केलं. बागवाल्यांनी आणि अत्तरवाल्यांनी मात्र जुनं नाव सोडलं नाही. म्हणून आजही कुंडीतलं जिरेनियम, तेलाचं जिरेनियम आणि रानातलं जिरेनियम अशी तीन वेगळी झाडं एकाच नावाने हाक मारली की ‘ओ’ देतात.

नावांची गंमत बघा. ग्रीक भाषेत ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच पक्षी, ‘पेलार्गोस’ म्हणजे बलाक. या झाडांचं फळ लांब चोचीसारखं असतं, त्यावरून ही नावं पडली. याच कुळात तिसरी एक प्रजाती आहे, एरोडियम, आणि ती बगळ्यावरून. म्हणजे क्रौंच, बलाक आणि बगळा. उजनीच्या फुगवट्यावर थंडीत गेलात तर हे तिन्ही पक्षी दिसतात, आणि भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वसाहत तर तुम्हाला माहीतच आहे. चिनी भाषेत या औषधाला ‘लाओ ग्वान त्साओ’ म्हणतात, त्याचा अर्थ जवळपास ‘म्हाताऱ्या बलाकाचं गवत’ असा होतो. तिथेही लोकांना चोचच दिसली.

चीनच्या अधिकृत औषधकोशात या नावाखाली तीन झाडं येतात: एक एरोडियम आणि दोन जिरेनियम. वापर मुख्यतः सांधे आखडणं, हातापायाला बधिरपणा, वातविकार यांवर, आणि जोडीला जुलाब. जपानमध्ये मात्र त्याच गोतावळ्यातलं जिरेनियम थनबर्गाय हे जवळजवळ पूर्णपणे पोटाचं औषध. त्याचं लोकांमधलं नाव ‘गेन्नोशोको’, म्हणजे साधारण ‘लगेच मिळणारा पुरावा’. घेतलं की गुण दिसतो, म्हणून हे नाव! जपानच्या तीन प्रसिद्ध घरगुती औषधांत त्याची गणना होते आणि ते तिथल्या औषधकोशातही आहे. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांत जिरेनियम वॉलिचियानम सापडतं, त्याचं मूळ तुरट म्हणून जखमेवर, जुलाबावर वापरतात.

जपानी लोकांची एक सवय मला फार शहाणपणाची वाटते. गेन्नोशोकोची कोवळी पानं बचनागाच्या जातीच्या एका जहाल विषारी झाडासारखी दिसतात. म्हणून जाणते लोक सांगतात, फुलं आल्याशिवाय तोडू नका. उन्हाळ्याच्या भरात झाड फुलतं, तेव्हा ओळख पक्की होते, आणि नेमका त्याच वेळी पानांत औषधाचा अंशही भरपूर असतो.

आता औषधाचा अंश म्हणजे काय, याकडे येऊ. इथे मी थोडी रमणार आहे, कारण वीस वर्षं फार्मसीच्या पोरांना मी हेच शिकवत आले.

कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ कशी होते? कच्ची सुपारी, कच्चं केळं, हिरडा चघळलात की तोंड आवळल्यासारखं होतं. ही चव आपण तुरट म्हणतो, आयुर्वेद कषाय म्हणतो. तुरटपणा देणारी द्रव्यं म्हणजे टॅनिन. टॅनिन प्रथिनाला चिकटतं आणि त्याला आवळून बसतं. लाळेतल्या प्रथिनांना चिकटलं की जीभ कोरडी, खरखरीत वाटते. जनावराच्या कातड्याला चिकटलं की कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. आपल्या भागात कातडं कमावणारे कारागीर बाभळीची आणि तरवडाची साल वापरायचे ती याचसाठी. आणि हेच टॅनिन सुजलेल्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर बसलं की तो पृष्ठभाग थोडा आवळला जातो, पाझर कमी होतो. कातडं कमावणं आणि पोट बांधणं, दोन्हीच्या मुळाशी क्रिया एकच.

गेन्नोशोकोतलं मुख्य टॅनिन १९७० च्या दशकात जपानच्या ओकायामा विद्यापीठात ताकुओ ओकुदा आणि सहकाऱ्यांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्याला नाव दिलं जिरानीन. ते एलॅजिटॅनिन नावाच्या गटातलं आहे. पाण्यात उकळलं की जिरानीन फुटतं आणि त्यातून कोरिलॅजिन, एलॅजिक आम्ल, गॅलिक आम्ल अशी द्रव्यं निघतात.

आणि आता ऐका. जिरानीन फक्त जिरेनियममध्ये नसतं. ते भुईआवळ्यात असतं. तुमच्या उसाच्या सरीत, भाजीच्या वाफ्यात, अंगणातल्या फरशीच्या फटीत पावसाळ्यात उगवणारा, पानाखाली हिरव्या मण्यांची ओळ मिरवणारा तो भुईआवळा. आवळ्यात तर आहेच. आणि डाळिंबाच्या सालीत असतं प्युनिकॅलेजिन, तेही एलॅजिटॅनिनच, म्हणजे जिरानीनचं चुलत भावंड. डाळिंब कुठलं प्रसिद्ध, हे इंदापूरकरांना मी सांगायला नको. गावोगाव डाळिंबाच्या बागा असलेल्या तालुक्यात जपानी काढ्यासाठी सुगंधी पाला उकळायचा, हे मला जरा गमतीचंच वाटलं.

सुगंधी जिरेनियमच्या पाल्यातही थोडंफार टॅनिन असतं. पण त्याच्यासोबत सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल अशी तेलातली द्रव्यं असतात, त्यांच्यासाठीच तर आपण ते पीक घेतो. ही द्रव्यं काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, अंगावर पुरळ उठतं. आणि तेल तर पोटात घ्यायची गोष्टच नाही. थेंबभर तेल म्हणजे बराच पाला झाला, हे टनाला लिटरच्या हिशोबावरून लक्षात येईल. तेलाची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. औषध म्हणून ज्या पेलार्गोनियमचं नाव घेतलं जातं ते आणखी वेगळं, पेलार्गोनियम सिडॉइडिस. त्याच्या मुळांचा अर्क जर्मनीत खोकल्यावर, छातीच्या संसर्गावर विकला जातो. आणि तुमच्या शेतात ते नाही.

जाता जाता सांगते, जिरेनियम हे नाव महाराष्ट्राला चिकटण्याची ही पहिली वेळ नव्हे. एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडातून रोशा गवताचं तेल परदेशी जायचं, तेव्हा युरोपच्या बाजारात त्याला ‘भारतीय जिरेनियम तेल’ म्हणत. कारण वास तोच, जिरॅनिऑलचा. हे तेल तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरलं जायचं. इकडे आपले लोक मात्र रोशेल दुखऱ्या गुडघ्यांना चोळायचे. गवत, पण नाव जिरेनियम! व्यापारात नाव वासावरून पडतं. औषधात असं चालत नाही.

बरं, मग डाळिंबाची साल. आयुर्वेदात दाडिम अतिसारावर आहेच, दाडिमाष्टक चूर्ण तर दुकानात मिळतं. घरांमध्ये वाळवलेल्या सालीची पूड ताकातून द्यायची पद्धत होती. बाळगुटीतलं मायफळ आठवतंय? सहाणेवर दोन वेढे उगाळायचं ते. मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर किडीमुळे धरणारी गाठ, आणि ती टॅनिनने ठासून भरलेली असते. मुरुडशेंगही पोटात मुरडा येतो म्हणूनच गुटीत. म्हणजे तुरट द्रव्याचं शहाणपण आपल्याकडे घरोघर होतं, त्यासाठी जपानचा दाखला लागत नव्हता. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये असं आज सांगितलं जातं, तेव्हा गुटीचं कौतुक ऐकून लगेच सहाण काढू नका.)

पण सालीबद्दल दोन गोष्टी नीट ऐका.

एक म्हणजे मराठीत ‘साल’ हा शब्द फार ढिला आहे. फळाचीही साल आणि झाडाचीही साल. डाळिंबाच्या झाडाच्या आणि मुळाच्या सालीत पेलेटिएरिन नावाची अल्कलॉइडं असतात. ती पूर्वी पट्टकृमी पाडायला वापरायचे, पण ती विषारी आहेत, चक्कर, उलट्या, दृष्टीवर परिणाम असं काहीही होऊ शकतं. कुणी ‘डाळिंबाची साल दे’ म्हटलं तर कुठली, हे विचारायलाच हवं.

दुसरी गोष्ट बागायतदारांना जास्त कळेल. तेल्या रोगाच्या भीतीने डाळिंबावर किती फवारण्या होतात? बोर्डो मिश्रण, कीटकनाशकं, बुरशीनाशकं. आपण दाणे खातो, साल टाकतो, म्हणून तेवढं खपून जातं. तीच साल वाळवून, पूड करून पोटात घ्यायची म्हटल्यावर हिशोब बदलतो. परसातल्या, न फवारलेल्या झाडाचं फळ असेल तर वेगळं. भुईआवळ्याचंही तेच. उसात तणनाशक मारलेल्या सरीतला भुईआवळा जिवंत दिसला तरी तो घरात आणू नये.

भुईआवळ्याचा विषय निघालाच आहे तर कावीळीचं सांगून टाकते, कारण ‘भुईआवळ्याने कावीळ जाते’ हे आपल्याकडे घट्ट बसलेलं आहे. हेपॅटायटिस बी चा विषाणू शोधल्याबद्दल १९७६ चं नोबेल मिळालेले बरूख ब्लुमबर्ग, त्यांनी आणि मद्रासच्या संशोधकांनी १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. हेपॅटायटिस बी चा विषाणू अंगात बाळगणाऱ्या लोकांना भुईआवळ्याची पूड महिनाभर दिली, तर ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ४ टक्के. केवढी खळबळ झाली असेल! पण नंतर इतर ठिकाणी तसेच प्रयोग केले तेव्हा तो निकाल पुन्हा मिळाला नाही. नोबेलवाल्याचं नाव होतं, मोठं नियतकालिक होतं, झाडही आपलं होतं, तरी निकाल टिकला नाही. म्हणून मी पत्रकातल्या एका ओळीवर मुलाचा काढा ठरवू नका म्हणते.

आता मुख्य गोष्ट. समजा तुमच्याकडे खरं गेन्नोशोको आहे, अगदी जपानहून आलेलं. किंवा परसातल्या डाळिंबाची स्वच्छ साल आहे. तरी लहान मुलाला जुलाब लागले की पहिलं काम काढा उकळण्याचं नाही. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. टॅनिन पाझर थोडा कमी करेल, गेलेलं पाणी परत आणणार नाही.

१९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा यांचं मिश्रण पिशव्यांत भरून पाण्यातून पाजायला सुरुवात केली, नातेवाइकांच्या हातून. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तीच आपली जलसंजीवनी, ओआरएसची पुडी. आशाताईंकडे फुकट मिळते.

आणि हे आयुर्वेदाच्या विरोधातलं आहे असं कुणाला वाटत असेल तर चरकसंहितेचं चिकित्सास्थान उघडा, एकोणिसावा अध्याय अतिसाराचा आहे. आम असताना, म्हणजे दोष अजून बाहेर पडत असताना, सुरुवातीलाच मल बांधणारं औषध देऊ नये, असं तिथे स्पष्ट आहे. आजचे डॉक्टरही रक्त पडत असेल, ताप असेल तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देत नाहीत, कारण आतलं बाहेर पडणं अडतं. तुरट औषधाची वेळ नंतरची, आणि ती वैद्याने किंवा डॉक्टरने ठरवायची.

गळीत हंगामात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या आजूबाजूला ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, तिथे हे जास्त गंभीर होतं. पाणी कुठलं मिळेल सांगता येत नाही, आई पहाटेपासून फडात, आणि दवाखाना जवळ नाही. अशा ठिकाणी ‘अमुक पाला द्या’ हा सल्ला फार पटकन पसरतो, कारण पाला फुकट असतो आणि शेजारी असतो. त्यामुळे हा भाग तुमच्या ओळखीच्या मुकादमाला, टोळीतल्या कुणाला पाठवता आला तर पाठवा.

पुडी नसेल तर काय करायचं, ते लिहून घ्या. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त होता कामा नये, चव घेऊन बघा, आपल्या आसवांपेक्षा खारट लागलं तर टाकून द्या आणि नव्याने करा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धी वाटी ते वाटीभर, मोठ्याला त्याच्या दुप्पट, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. जोडीला झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, पाणी पीत नाही, सहा तास लघवी नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट होत नाही, शौचात रक्त आहे, यातलं एक जरी दिसलं तरी थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. वाटेतही पाणी पाजत राहायचं.

मोठ्यांसाठी एक बारीकशी सूचना राहिली. टॅनिन प्रथिनाला चिकटतं तसं लोहालाही चिकटतं. डाळिंबाची साल लोखंडी कढईत उकळून बघा, पाणी काळं होईल. हिरड्याची शाई अशीच व्हायची. तेच पोटातही होतं. म्हणून गरोदर बाई लोहाची गोळी घेत असेल तर तुरट काढा, अगदी कडक चहासुद्धा, गोळीच्या आसपास नको. दोन तासांचं अंतर ठेवा.

सांधेदुखीचा प्रश्न ताईंनी विचारला नाही, पण पत्रकात होता. चिनी लोक बलाकाचं गवत वापरतात, आपल्याकडे कऱ्हेच्या आणि नीरेच्या काठाने निर्गुडी उभी आहे. पुढचा भाग तिच्यावरच करू. तोवर तुमच्या रानातल्या झाडांचे फोटो पाठवत राहा. एकच विनंती, नुसत्या पानाचा फोटो नको. फूल किंवा फळ आल्यावर काढा, आणि झाड कुठल्या जमिनीत, कुठल्या पिकाशेजारी उगवलंय तेही सांगा.